वेळेवर पुरवठा (ऑर्डरप्रमाणे धातुकामातील)

ग्राहकाचे ड्रॉइंग आणि ऑर्डर हाती आल्यावरच जो माल घडवला जातो, अशा धातुकामात कबूल केलेल्या तारखेला पूर्ण माल पोचता करणे म्हणजे वेळेवर पुरवठा. कारखान्यांच्या बोलीत यालाच ‘ओटीडी’ (ऑन-टाइम डिलिव्हरी) म्हणतात. टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंग, फॅब्रिकेशन करणारी जॉब शॉप, म्हणजे ऑर्डरप्रमाणे सुटी कामे (‘जॉब’) करून देणारे छोटे कारखाने, हे त्याचे मुख्य क्षेत्र. पुण्यातील भोसरी, कोल्हापूरजवळील शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत अशी अनेक शॉप आहेत. आज पंपाचा शाफ्ट, उद्या चार फिक्श्चर असे इथले काम रोज बदलते. माल आधीच करून ठेवता येत नाही, त्यामुळे झालेला उशीर साठ्यातून भरून काढण्याची सोय नसते.

मोजणीपासूनच गफलत सुरू होते. १०० पैकी ९० नग गेले तर ऑर्डर वेळेवर गेली असे धरायचे का? ग्राहकाला फोन करून तारीख पुढे ढकलून घेतली, तर कोणती तारीख धरायची? पहिल्यांदा कबूल केलेली तारीख आणि पूर्ण संख्या, हीच प्रामाणिक मोजणी. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर हिशेब आणखी कडक होतो. एका यंत्राच्या जोडणीला १० वेगवेगळे भाग लागत असतील आणि प्रत्येक भाग वेळेवर येण्याचे प्रमाण ९५ टक्के असेल, तर सगळे भाग एकत्र वेळेवर हाती पडण्याची शक्यता जेमतेम ६० टक्के उरते.

उशीर झाला की बोट कामगाराकडे किंवा जुन्या लेथकडे दाखवले जाते. ते बहुतेक वेळा चुकीचे असते. उत्पादन अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत अमेरिकेतील सिनसिनाटी मिलॅक्रॉन कंपनीतील एका अभ्यासाचे आकडे नेहमी दिले जातात : बॅचने चालणाऱ्या शॉपमध्ये जॉब सुमारे ९५ टक्के वेळ पडून किंवा इकडून तिकडे हलत असतो, यंत्रावर फक्त ५ टक्के. त्या ५ टक्क्यांतही प्रत्यक्ष धातू कापण्याचा वेळ तिसऱ्या हिश्श्याहून कमी. म्हणजे फीड-स्पीड (कापण्याचा वेग) वाढवून वाचणारा वेळ एकूण दिवसांत दिसतही नाही.

जॉब पडून का राहतो, याचे गणित १९६१ मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे मांडले. अमेरिकेतील जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम सोपा आहे. शॉपमध्ये ६० जॉब उघडे (आत सोडलेले, पण पुरे न झालेले) असतील आणि रोज ५ पुरे होत असतील, तर एका जॉबला सरासरी १२ दिवस लागणारच. रोजचे ५ कायम ठेवून उघडे जॉब ३० वर आणले, तर ६ दिवस. ब्रिटिश गणितज्ञ जॉन किंगमन यांच्या सूत्रातून यंत्राच्या भाराचा परिणाम कळतो. कामाची आवक आणि लागणारा वेळ दोन्ही बरेच अनियमित धरले, तर ८० टक्के भरलेल्या यंत्रापुढे जॉब स्वतःच्या कामाच्या ४ पट वेळ थांबतो. ९० टक्क्यांना ९ पट, ९५ टक्क्यांना १९ पट. बँकेचा हप्ता चालू असलेले व्हीएमसी (संगणकावर चालणारे उभे मिलिंग यंत्र) रिकामे दिसले की मालकाचा जीव खालीवर होतो आणि तो आणखी एक ऑर्डर घेतो. ही घालमेल खरी आहे, पण त्या एका ऑर्डरपायी आधीच्या सगळ्यांच्या तारखा सरकतात.

मग ‘अर्जंट’ सुरू होते. यंत्रावरचे चालू सेटिंग (जॉबसाठी केलेली मांडणी) मोडून दुसरा जॉब चढवायचा, तो उतरवून पुन्हा पहिल्याचे सेटिंग करायचे, पहिला नग पुन्हा तपासायचा. यात क्षमता खर्च होते आणि उद्याचे अर्जंट आजच तयार होतात.

यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे शॉपमध्ये काम सोडण्यावरच लगाम ठेवणे. एक जॉब बाहेर पडल्यावरच दुसरा आत सोडायचा, या पद्धतीला १९९० मध्ये ‘कॉनविप’ (कॉन्स्टंट वर्क इन प्रोसेस, म्हणजे आतले काम कायम तेवढेच) असे नाव मिळाले. इस्रायली विचारवंत इलियाहू गोल्डरॅट यांनी हा लगाम सर्वांत अडणाऱ्या यंत्राच्या हाती दिला, म्हणजे त्याच्या गतीनेच काम आत सोडायचे. कच्चा माल, मंजूर ड्रॉइंग, टूल आणि गेज हाताशी असल्याशिवाय जॉब सोडू नये, हा याला जोडूनच येणारा नियम. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी यंत्र चालू असतानाच पुढच्या सेटिंगची तयारी करून ठेवण्याची पद्धत घडवली. तिच्यामुळे लहान बॅच परवडू लागतात. राजन सुरी यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात १९९३ मध्ये स्थापलेल्या केंद्राने कमी संख्येच्या, विविध मालासाठी पूर्ण कालावधी घटवण्यावर भर दिला. यंत्रांवर थोडी क्षमता मोकळी राखणे हा त्याचा भाग.

लहान शॉपना सर्वांत नडतात ती बाहेरून करून घ्यायची कामे : हार्डनिंग (भट्टीत तापवून धातू कठीण करणे), प्लेटिंग, पावडर कोटिंग. हार्डनिंगवाला भट्टी पुरेशी भरल्याशिवाय लावत नाही, त्यामुळे दोन नगांसाठीही दिवस जातात. हार्डनिंगनंतर शाफ्ट वाकला तर ग्राइंडिंगआधी तो सरळ करावा लागतो. या दिवसांचा हिशेब कोटेशन देतानाच धरावा लागतो, कारण पुढे शॉपमध्ये कितीही ओव्हरटाइम केला तरी ते परत मिळत नाहीत.