टँकर चालवायचाय? लायसन्सवर ‘धोकादायक माल’चा शेरा असा मिळतो

मुंबईतल्या माहुलच्या रस्त्यावर उजाडायच्या आत टँकरची रांग लागते. हेवी लायसन्स त्या रांगेत सगळ्यांच्याच खिशात असतं. गेटवर घोडं अडतं ते दुसरीकडेच: त्या लायसन्सवर धोकादायक मालाचा शेरा, म्हणजे पेट्रोल, ॲसिड असला माल न्यायची नोंद, आहे का? आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हा प्रश्न घेऊन पोरं येतच असतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

‘हॅझार्डसचं लायसन्स’ म्हणतात खरं, पण ते काही वेगळं लायसन्स नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 9 प्रमाणे आहे त्याच लायसन्सवर नोंद होते. म्हणजे आधी ट्रान्सपोर्टचं लायसन्स हवं. त्यासाठी वय 20 पूर्ण लागतं, आणि हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं असल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंग निघत नाही.

शिक्षणाच्या बाबतीत मात्र बरेच जण फसतात. आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली, ही बातमी सगळ्यांनी ऐकलेली असते. ती निघाली साध्या ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी. नियम 9 मध्ये आजही आहे, की ड्रायव्हरला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी, दोन्ही लिहिता-वाचता आल्या पाहिजेत. मराठी आहेच, पण इंग्रजी कशाला, असं पोरं विचारतात. अरे बाबा, टँकरवरच्या पाटीवर केमिकलचं नाव इंग्रजीत असतं, आणि गळती लागली तर फायर ब्रिगेडवाला फोनवर पहिलं तेच नाव विचारतो.

मग कोर्स. राज्य सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेत तीन दिवसांचा. सुरक्षित ड्रायव्हिंग असतंच, पण खरा जीव आहे तो माल ओळखण्यात: धोक्याचे वर्ग, प्रत्येक धोकादायक मालाला दिलेला संयुक्त राष्ट्रांचा नंबर, ट्रेम कार्ड (अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारा कागद), सांडलं तर काय करायचं, आग, प्रथमोपचार, व्हॉल्व्हची माहिती. तीन दिवस न बसता सर्टिफिकेट ‘करून देणारे’ भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, कारण खाली करताना तिथे एजंट उभा नसतो.

आमच्या एका ड्रायव्हरचंच घ्या. एका कारखान्यात टँकर खाली होत होता. चाकांखाली लाकडी ठोकळे, अर्थिंगची क्लिप लावलेली, होज पाइप जोडलेला. मागे दुसरी गाडी अडकली म्हणून वॉचमन ओरडला, “दोन फूट पुढे घे रे!” आमचा गडी म्हणाला, “चावी ऑफिसात जमा आहे, काका.” वॉचमनने आईबापाचा उद्धार केला, पण पाइप शाबूत राहिला. दोन फुटांत कपलिंग उखडतं आणि मग ॲसिड कोणाच्या अंगावर जाईल ते सांगता येत नाही. क्लिपचंही तसंच: पाइपातून तेल वाहताना स्थिर वीज तयार होते, म्हणून क्लिप सगळ्यात आधी लावायची आणि सगळ्यात शेवटी काढायची.

रेल्वेच्या टँक वॅगनचं तत्त्व वेगळं नाही. अमेरिकेत वॅगन खाली करताना ब्रेक लावून चाकं अडवतात, आणि साइडिंगच्या (वॅगन उभी करायच्या बाजूच्या रुळाच्या) उघड्या बाजूने येणाऱ्याला दिसेल अशी निळ्यावर पांढऱ्या अक्षरांची पाटी लावतात: ‘थांबा, टँक वॅगन जोडलेली आहे’. पाइप सुटेपर्यंत ती पाटी काढायची नाही, असा नियमच आहे. आपल्या यार्डातही अशी एक पाटी असती, तर त्या वॉचमनचा घसा वाचला असता.

आता कागद. चालू ट्रान्सपोर्ट लायसन्स, कोर्सचं मूळ सर्टिफिकेट, पत्त्याचा पुरावा, आणि लायसन्सचं नूतनीकरणही सोबत करायचं असेल तर डॉक्टरने भरलेला फॉर्म 1-ए. अर्ज सारथी या सरकारी पोर्टलवर होतो. ओटीपीसाठी मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, एजंटचा नको. मुंबईत ताडदेव, अंधेरी, वडाळा आणि बोरिवली अशी चार आरटीओ आहेत. लायसन्स गावच्या आरटीओचं असलं तरी घाबरू नका. दुसऱ्या कार्यालयाने शेरा मारला तर मूळ कार्यालयाला कळवायचं काम त्यांचं.

शेऱ्याची मुदत पूर्वी एक वर्षाची होती, 2019 च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांची झाली. नूतनीकरणाला जाताना उजळणी वर्गाचं सर्टिफिकेट सोबत ठेवा. साध्या ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षांची असते, त्यामुळे दोन्ही तारखांची गल्लत होते. आम्ही कॅलेंडरवर लाल पेनाने वेगवेगळ्या लिहितो.

शेरा ड्रायव्हरचा, पण गाडीचे कागद मालकाचे. पेट्रोल-डिझेलच्या टँकरला पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, परवाना लागतो. त्यांचं मुख्यालय नागपूरला, आणि आपल्या भागाचं ऑफिस बेलापूरला आहे. ट्रेम कार्ड केबिनमध्येच ठेवायचं, मालकाच्या फाइलमध्ये नाही. टँकरवरच्या पाटीतलं धोक्याचं लेबल किमान 250 मिलिमीटर चौरस हवं. चिखलाने झाकलं असेल तर निघण्याआधी फडकं मारा.

शेऱ्याशिवाय गाडी पाठवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी नुकसानभरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करायला जाऊ शकते. म्हणून नवीन कार्ड हातात आलं की नाव-पत्त्याआधी शेरा छापलाय का ते बघा. नसेल, तर पोचपावती घेऊन त्याच आठवड्यात खिडकी गाठा.