खाडीत पहिली होडी लोटण्याआधी: नोंदणी, परवाना आणि टोकन

आजोबांची होडी वाड्यामागे उपडी पडलेली, घरातली पोरं नोकरीला, आणि एखाद्या रविवारी कुणाला तरी हुक्की येते की चला, या वेळी खाडीत जाऊच. ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठी दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, चेंदणी, कुठेही विचारा, असं एखादं घर सापडेल. अशांसाठीच हे लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नोंदणी वेगळी आणि परवाना वेगळा. होडी कुणाची आणि कशी आहे, हे नोंदणी सांगते. त्या होडीनं मासेमारी करायची मुभा परवाना देतो, आणि तो महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 खाली मिळतो. नोंदणी झाली म्हणजे काम झालं, असं समजून पाण्यात उतरणारे बरेच असतात. 2021 च्या सुधारणेनंतर दंडाचा निकाल तहसीलदाराऐवजी मत्स्यव्यवसाय खात्याचे अधिकारीच देतात, त्यामुळे प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळेल या भरवशावर राहू नका.

दोन्ही अर्ज केंद्र सरकारच्या रिअलक्राफ्ट या संकेतस्थळावर भरायचे. मालक भारतीय नागरिक हवा. मच्छीमार सहकारी संस्थेच्या नावावरही होडी असू शकते. कागद सहसा असे लागतात: आधार, रहिवासाचा पुरावा, होडी बांधणाऱ्या मिस्त्रीचा दाखला, इंजिन असेल तर त्याचं बिल, होडीचे फोटो आणि विम्याचे कागद. गावच्या मच्छीमार संस्थेचं सभासदत्व असेल तर तेही जोडा, पुढं उपयोगी पडतं. होडी आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसाचं काम उरका: मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ याच कागदाला लागतो, कारण काका पुण्याला असतात आणि आत्या फोन उचलत नाही.

अर्जानंतर अधिकारी होडी बघायला येतात, लांबी-रुंदी-खोली मोजतात. माझा अर्ज एकदा परत आला होता. इंजिनाच्या क्रमांकात बिलावर शून्य होतं आणि मी भरताना इंग्रजी ओ टाकला होता. तेवढ्यासाठी तीन आठवडे गेले. म्हणून इंजिनावरचा कोरीव क्रमांक चिंधीनं पुसून, उजेडात फोटो काढून ठेवा आणि तो बघूनच भरा. नंबर मिळाला की तो होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन्ही बाजूंना ठळक रंगवायचा.

निघताना होडीवरच्या प्रत्येकाची नोंद करून टोकन, म्हणजे त्या खेपेची नोंदपावती, घ्यायचं. मुंबईवरच्या 2008 च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरची तपासणी कडक झाली आहे, तेव्हा प्रत्येकाचं ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सोबत ठेवा. मित्रांकडून माणशी पैसे घेऊन फिरवणार असाल तर मासेमारीचा परवाना चालत नाही. प्रवासी नेण्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

कुठं जायचं यालाही मर्यादा आहेत. ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचा पट्टा 2015 पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 साली त्याला रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथं स्थानिक कोळ्यांची परंपरागत मासेमारी चालते, पण नव्या माणसानं ती मुभा आपलीच धरू नये. आधी वन खात्याला विचारा. खाली दक्षिणेकडं गेलात तर भाभा अणुसंशोधन केंद्राचा किनारा आणि न्हावा-शेवाच्या जहाजांचा मार्ग, दोन्हींपासून लांबच राहा.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. तुमच्या होडीला छोटं मशीन लावलेलं असेल तरी बंदी लागू, ‘लहानच आहे हो’ हे कुणी ऐकत नाही. वल्ह्याच्या होडीला ही बंदी नाही, पण त्या दिवसांतल्या वाऱ्यात पहिली खेप करू नये.

लाइफजॅकेट माणशी एक. तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093. दोन्ही होडीच्या फळीवर खडूनं नव्हे, ऑइलपेंटनं लिहा.

राहिली भरती. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. प्रत्येक पंधरवड्यात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. खाडीत आतल्या बाजूला पाणी थोडं उशिरा चढतं, तेव्हा भरतीच्या तक्त्याशी ताडून बघा. पहिल्या खेपेला अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळा आणि अष्टमीच्या आसपासचं भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी धरा. ओढ कमी असते. चढत्या पाण्यात निघा, उतरू लागायच्या आत परता. तरी होडी चिखलात बसलीच तर ढकलायला खाली उतरू नका, पाय मांडीपर्यंत रुततो. बसून राहायचं, पुढचं पाणी येईपर्यंत सहज सहा तास जातात. म्हणून भाकरी आणि पाण्याची बाटली एक जास्त घ्या.