आतडं साखर मोजतं ते दारातच

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा बोलबाला झाल्यापासून ‘जीएलपी-१ नैसर्गिकरीत्या वाढवा’ असं सांगणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांचं पेव फुटलं आहे. ही इंजेक्शनं ज्याची नक्कल करतात ते जीएलपी-१ हे संप्रेरक आतड्यातच तयार होतं, हे खरं. पण ते केव्हा सोडायचं हे आतड्याला कसं कळतं? खरी गंमत तिथे आहे.

ग्लुकोज शिरेतून देण्याऐवजी तोंडावाटे दिलं तर इन्सुलिन जास्त स्रवतं, हे १९६४ मध्ये दिसून आलं. म्हणजे स्वादुपिंड फक्त रक्तातल्या साखरेवर विसंबून नसतं, त्याला आतड्याकडूनही वर्दी मिळते. ही वर्दी देणारी संप्रेरकं दोन : लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या के पेशींचं जीआयपी, आणि प्रामुख्याने पुढच्या भागातल्या एल पेशींचं जीएलपी-१.

जिभेवरचे गोड चव ओळखणारे ग्राही (प्रथिनं) आतड्यातही सापडले, तेव्हा कोडं सुटलं असं वाटलं होतं. पण सुक्रालोज हे कृत्रिम गोडीचं द्रव्य दिल्यावर माणसांमध्ये जीएलपी-१ वाढलं नाही. नुसत्या गोडीने भागत नाही तर!

खरं काम करतं ते एसजीएलटी-१ हे वाहक प्रथिन. ते ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूबरोबर सोडियमचे २ आयन पेशीत ओढून घेतं. पेशीची आतली बाजू एरवी ऋणभारित असते. धनभारित सोडियम आत येत राहिला की तो ऋणभार घटतो, विद्युतदाबावर चालणाऱ्या कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि संप्रेरकाने भरलेल्या पुटिका (इवल्या पिशव्या) पेशीबाहेर रित्या होतात. ग्लुकोजसारखाच, पण पेशीला जाळता न येणारा रेणू दिला, तरीही जीएलपी-१ सुटतं! साखरेचं पुढे काय होणार याच्याशी या पेशीला देणंघेणं नाही. जकात नाक्यावरच वसूल.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशीची तऱ्हा उलटी. ती ग्लुकोज आधी जाळते. त्यातून एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन वाढतं, एटीपीमुळे पोटॅशियमच्या वाहिन्या मिटतात, मग कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिन सुटतं. जीएलपी-१ या पेशीतला सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढवून तोच स्राव जोरात करतं, पण साखर वाढलेली असेल तरच. म्हणून एकट्या जीएलपी-१ मुळे साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही.

साखरेऐवजी स्निग्ध पदार्थांतल्या मेदाम्लांसाठी जीपीआर-४० सारखे वेगळे ग्राही आहेत, आणि ते आतड्यात तसेच बीटा पेशींवरही असतात. त्याच ग्राहीला चेतवणारं फॅसिग्लिफाम हे मधुमेहावरचं औषध चाचण्यांमध्ये बरंच पुढे गेलं होतं. यकृतावरच्या दुष्परिणामांमुळे २०१३ मध्ये ते थांबवावं लागलं.

आणि त्या पावडरी? खाण्याने जीएलपी-१ वाढतं, पण ते कोणत्याही जेवणाने वाढतं. रक्तात आल्यावर डीपीपी-४ हे विकर सुमारे २ मिनिटांत त्यातलं निम्मं निकामी करतं. इंजेक्शनातलं सेमाग्लुटाइड निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. दोन्हींना एकाच तागडीत तोलणं ही निव्वळ विक्रीकला आहे.