एका सभागृहात बसणे आणि एकमेकांकडून शिकणे

डी.एल.एड.चे (प्राथमिक शिक्षक पदविकेचे) छात्राध्यापक आणि नर्सिंगचे विद्यार्थी एकाच सभागृहात बसून बालविकासावरचे व्याख्यान ऐकतात, तेव्हा त्याला सर्रास ‘आंतरव्यावसायिक शिक्षण’ म्हटले जाते. वास्तविक ते बहुव्यावसायिक शिक्षण असते, म्हणजे वेगवेगळ्या व्यवसायांचे विद्यार्थी नुसते शेजारी बसून शिकतात ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आराखड्यानुसार, दोन किंवा अधिक व्यवसायांतील विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात तेव्हाच ते शिक्षण आंतरव्यावसायिक ठरते. सभागृहातल्या व्याख्यानात या तिघांपैकी ‘सोबत’ तेवढे असते, आणि तेही बाकापुरते.

तिसरीतला एक मुलगा फळ्यावरचे उतरवून घेताना अक्षरे गाळतो, मधली ओळ सोडतो. त्याची वही भावी शिक्षकाने एकट्याने पाहिली तर ‘लक्ष नाही’ असा शेरा पडण्याची शक्यता अधिक. भावी परिचारिका सहा मीटरवर अक्षरतक्ता लावून नजर तपासेल. तीच वही दोघांपुढे ठेवली, तर परिचारिका विचारते, ‘पुस्तकातून उतरवतानाही असेच होते का?’ याचे उत्तर रोज वर्गात असणाऱ्या शिक्षकाकडेच असते. चुका फळ्यापुरत्याच असतील तर दूरचे नीट दिसत नसल्याची शंका बळावते. पुस्तकातूनही होत असतील तर जवळची नजर आणि अध्ययन अक्षमता या दोन्ही दिशांनी पाहावे लागते. या देवाणघेवाणीतले ‘कडून’ व्याख्यानातून येत नाही.

म्हणून बहुव्यावसायिक शिक्षण टाकाऊ मात्र नव्हे. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती देण्याचे बंधन शिक्षक आणि परिचारिका दोघांवर सारखेच आहे. असा विषय एकत्र शिकवणे सोयीचे आणि स्वस्तही.

आपल्याकडे अडचण पुढे, प्रत्यक्ष कामात दिसते. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात, शिक्षक नसतो. पथक शाळेत वर्षातून एकदा येते. मुलाला रोज पाहणारा शिक्षक त्या दिवशी रांगा लावण्यात गुंतला, तर वहीतली ती सुटलेली ओळ कोणाच्या कानावर जाणार? २०२० पासून आयुष्मान भारत योजनेखाली प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आली, पण ते नोकरी लागल्यानंतरचे प्रशिक्षण आहे. विद्यार्थिदशेतच छात्राध्यापक आणि परिचारिका यांनी एका मुलासाठी मिळून टिपण लिहावे आणि त्या टिपणाला दोन्ही महाविद्यालयांनी गुण द्यावेत, इतके झाले तरी ‘आंतरव्यावसायिक’ हे नाव शोभेल.