उणे ४८ व्होल्टमधला 'उणे' कशासाठी?

टेलिफोन एक्स्चेंजचा पुरवठा उणे ४८ व्होल्टचा असतो. 'उणे वीज अंगाला कमी झोंबते, म्हणून ती निवडली' असा समज वर्षानुवर्षे सांगितला जातो. तो चुकीचा आहे. ४८ व्होल्ट तुलनेने सुरक्षित आहेत ते आकडा लहान म्हणून, चिन्हामुळे नव्हे.

इथे 'उणे' म्हणजे एवढेच, की बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते. असे का? खरे कारण तांब्याच्या तारांत आहे. या तारा मैलोन् मैल जमिनीखालून जातात. पावसाळ्यात केबलमध्ये ओल शिरते आणि तारेतून मातीकडे थोडा प्रवाह झिरपतो. तार मातीच्या तुलनेत धन असेल तर तिचे तांबे आयनांच्या रूपात त्या ओलीत विरघळू लागते. तार हिरवी पडते, बारीक होते, शेवटी तुटते. तार ऋण ठेवली की ही झीज रोखली जाते. झिजायचेच तर एक्स्चेंजमधले अर्थिंग झिजते, आणि ते जाडजूड असते, बदलताही येते. मला हा उपाय फार सुंदर वाटतो.

४८ हा आकडा येतो २ व्होल्टच्या २४ शिसे-आम्ल सेलमधून. चार्जर त्यांना सतत सुमारे ५४ व्होल्टवर भरलेले ठेवतो, म्हणून घरातली वीज गेली तरी लँडलाइन चालू राहायची.

आणि लाइनमनला बसणारा सणसणीत झटका? तो बहुधा घंटीचा. फोन वाजवायला त्याच तारेवर सुमारे ७५ व्होल्टचा एसी प्रवाह सोडतात.