चमच्यावरची छाप: अमेरिकी चांदीच्या कसाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये १६५२ साली इंग्रज वसाहतीची टांकसाळ सुरू झाली ती एका चांदी कारागिराच्या हाताखाली. मेक्सिको-पेरूकडचे स्पॅनिश डॉलर, म्हणजे चांदीची नाणी, गिऱ्हाईक पिशवीतून आणायचे आणि आपल्याकडे मोड देऊन नवा दागिना घडवतात तसे त्या नाण्यांचे चमचे, पेले करून न्यायचे. बँका नव्हत्या. नाणी चोरीला गेली तर ओळखायची कशी? चमच्याच्या दांडीवर आद्याक्षरे कोरलेली असायची, बरेचदा वर आडनावाचे आणि खाली नवरा-बायकोचे.

लंडनमध्ये विक्रीआधी चांदीचा कस सरकारमान्य ठिकाणी तपासला जाई. वसाहतींत, आणि पुढे स्वतंत्र अमेरिकेतही, तशी व्यवस्था नव्हती. कारागिराचा स्वतःचा ठसा हीच हमी.

अपवाद बाल्टिमोरचा, आणि खरे तर सगळा गुंता तिथेच आहे. १८१४ च्या कायद्याने शहरातली चांदी परीक्षकाकडे नेणे सक्तीचे झाले. १२ औंसांत ११ औंस शुद्ध, म्हणजे हजारी ९१७ कस. त्यावर शहराचे चिन्ह आणि वर्षाचे अक्षर उमटे. कारागिरांना ही सक्ती जाचली. १८३० मध्ये ती उठली आणि ज्याने माल घडवला त्यानेच '११' (१२ औंसांत ११ औंस शुद्ध) किंवा '१०.१५' (१० औंस १५ पेनीवेट; २० पेनीवेटचा एक औंस) असा आकडा मारायचा, असे ठरले. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले तर हे पाऊल मागे गेले, कारण घडवणारा आणि तपासणारा पुन्हा एकच झाला.

त्याच सुमारास इतरत्र 'कॉइन' (नाणे), 'प्युअर कॉइन', 'डॉलर' असे, म्हणजे नाण्याच्या कसाची चांदी सांगणारे, ठसे दिसू लागतात. नाण्यांचा कस १७९२ च्या कायद्याने सुमारे ८९२ होता, १८३७ पासून ९००. पण हे कायदे टांकसाळीपुरते होते, चमच्यांना लागू नव्हते. म्हणून जुना चमचा दिसला की सरसकट '९०० ची चांदी' म्हणणे चूक आहे.

पुढे कारखाने आले. साच्यात ठोकलेले तयार चमचे गावोगावचे जवाहिरे विकत घेत आणि त्यावर आपले नाव उमटवून घेत. त्यामुळे दांडीमागचे नाव बरेचदा कारागिराचे नसून दुकानदाराचे असते. न्यूयॉर्कच्या एका बड्या पेढीने १८५१ मध्ये ९२५ चा स्टर्लिंग कस स्वीकारला, १८६८ मध्ये प्रॉव्हिडन्स शहरातल्या मोठ्या कारखान्यानेही. मधल्या काळात, १८५९ मध्ये आजच्या नेव्हाडात चांदीची मोठी खाण सापडली होती, त्यामुळे चांदीसाठी नाण्यांवर विसंबण्याची गरज कमी झाली होती. 'कॉइन' म्हणजे ९०० आणि 'स्टर्लिंग' म्हणजे ९२५ हे देशभर बंधनकारक झाले ते १९०६ च्या कायद्याने.