सिस्टिम डिरेक्टरींचे स्थलांतर

युनिक्स, लिनक्स यांसारख्या संगणक प्रणालींतील यूएसआर (प्रोग्रॅम), व्हार (सतत बदलणारा डेटा), होम (वापरकर्त्यांच्या फाइली), ऑप्ट (जादा सॉफ्टवेअर) इत्यादी डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, मूळ डिस्कवरून अधिक क्षमतेच्या डिस्कवर नेण्याची आणि तरीही त्यांचे पथ पूर्वीचेच राखण्याची प्रक्रिया. या प्रणालींत विंडोजप्रमाणे प्रत्येक डिस्कला सी, डी असे स्वतंत्र अक्षर नसते. सर्व डिस्क ‘रूट’ या सर्वांत वरच्या डिरेक्टरीपासून निघणाऱ्या एकाच रचनेत ठिकठिकाणी जोडलेल्या, म्हणजे ‘माउंट’ केलेल्या असतात. त्यामुळे फाइल प्रत्यक्षात कोणत्या डिस्कवर आहे, याची ती वापरणाऱ्या प्रोग्रॅमला दखल घ्यावी लागत नाही.

उगम : यूएसआर ही डिरेक्टरी रूटपासून वेगळी का झाली, याविषयी मतभेद आहेत. २०१० नंतर विशेष रूढ झालेल्या कथनानुसार केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९७१ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्स पीडीपी-११ या संगणकावर नेली, तेव्हा त्यांच्यापाशी प्रत्येकी सुमारे दीड मेगाबाइटच्या दोन आरके०५ डिस्क होत्या. पहिली भरून गेल्यावर प्रणालीच्या प्रोग्रॅमांपैकी न मावणारा भाग, वापरकर्त्यांच्या फाइली जेथे होत्या त्या दुसऱ्या डिस्कवरील यूएसआरमध्ये हलवण्यात आला आणि तिसरी डिस्क आल्यावर वापरकर्त्यांची सोय होममध्ये झाली, असे हे कथन सांगते. त्याचा गाभा पटण्यासारखा असला, तरी तपशील जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. आरके०५ ही डिस्क १९७२ च्या सुमारास आली आणि तिची क्षमता अडीच मेगाबाइटच्या आसपास होती. रिची व टॉम्पसन यांच्या जुलै १९७४ मधील निबंधात दिलेले वर्णनही निराळे आहे : एक मेगाबाइटची स्थिर-शीर्ष (वाचन-लेखनाचे शीर्ष न हलणारी) डिस्क, प्रत्येकी अडीच मेगाबाइटच्या चार काढघालीच्या डिस्क आणि चाळीस मेगाबाइटच्या डिस्क-पॅकचा एक ड्राइव्ह. रूट डिरेक्टरी स्थिर-शीर्ष डिस्कवर असते व वापरकर्त्यांच्या फाइलींची मोठी डिस्क प्रणाली सुरू होताना माउंट केली जाते, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. शिवाय युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीतही वापरकर्त्यांच्या डिरेक्टरी यूएसआरखालीच आढळतात. त्यामुळे होमचा जन्म तिसऱ्या डिस्कशी जोडण्यापेक्षा तो बराच नंतरचा मानणे अधिक सयुक्तिक ठरते. जलद पण लहान डिस्कवर प्रणालीचा गाभा आणि मोठ्या डिस्कवर बाकीचे सर्व, ही विभागणी जागेच्या टंचाईतून झाली, याविषयी मात्र फारसा वाद नाही.

या विभागणीतून एक बंधन आले. यूएसआर माउंट करण्याचा प्रोग्रॅम यूएसआरमध्येच ठेवला, तर ती डिस्क जोडायची कशी? म्हणून प्रणाली उभी करण्यास लागणारे प्रोग्रॅम रूटवरील बिन व एसबिनमध्ये ठेवण्याची रीत पडली. १९९४ मध्ये लिनक्ससाठी तयार झालेल्या आणि पुढे एफएचएस या नावाने विकसित झालेल्या डिरेक्टरी-रचनेच्या मानकाने (आवृत्ती ३.०, २०१५) ती नियमबद्ध केली. सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या इनिटरॅमएफएस या छोट्या प्रणालीमुळे ही अडचण उरली नाही. फेडोरा १७ (२०१२) या लिनक्सच्या वितरणामध्ये बिन, एसबिन व लिब या यूएसआरमधील डिरेक्टरींकडे बोट दाखवणाऱ्या लिंक झाल्या आणि डेबियन १२ (२०२३) या दुसऱ्या वितरणामध्ये ही रचना सक्तीची झाली. परिणामी आज यूएसआर दुसऱ्या डिस्कवर नेल्यास ती इनिटरॅमएफएसकडूनच माउंट व्हावी लागते. प्रणालीच्या मांडणीच्या फाइलींची ईटीसी ही डिरेक्टरी रूटवरच ठेवतात. प्रॉक, सिस आणि डेव्ह या डिरेक्टरी कर्नलने, म्हणजे प्रणालीच्या मूळ प्रोग्रॅमने, चालू स्थितीत उभ्या केलेल्या असल्याने त्यांची नक्कल करायची नसते.

कार्यपद्धती : व्यवहारात बहुधा व्हार आणि होम याच डिरेक्टरी हलवल्या जातात, कारण डेटाबेस, लॉग, टपाल आणि वापरकर्त्यांच्या फाइली तेथेच वाढतात. प्रथम संबंधित सेवा थांबवून, शक्यतो एकल-वापरकर्ता अवस्थेत किंवा लाइव्ह पेनड्राइव्हवरून (स्वतःची प्रणाली असलेल्या पेनड्राइव्हवरून) संगणक सुरू करून, नव्या डिस्कवर पार्टिशन व फाइल प्रणाली तयार करतात. दोन टेबीबाइटपेक्षा मोठ्या डिस्कवर सामान्यतः पार्टिशनांच्या नोंदीसाठी जुन्या एमबीआर पद्धतीऐवजी जीपीटी ही पद्धत लागते. त्यानंतरच्या नकलेत फाइलींतील मजकुराइतकेच मालकी, परवानग्या, हार्ड लिंक (एकाच फाइलीची अनेक नावे) आणि विस्तारित गुणधर्म (फाइलीला जोडलेली जादा माहिती) यांना महत्त्व असते. प्रशासकाचे अधिकार तात्पुरते देणाऱ्या सुडो या प्रोग्रॅमच्या फाइलीवरील, तो मालकाच्या अधिकाराने चालवणारी सेटयूआयडी खूण नकलेत गळली, तर सुडो काम करण्याचे नाकारते. काही वितरणांत पिंगसारख्या (नेटवर्कची जोडणी तपासणाऱ्या) प्रोग्रॅमांचे विशेषाधिकार विस्तारित गुणधर्मांत साठवलेले असतात आणि नक्कल करणाऱ्या आरसिंक या प्रोग्रॅमला तसा पर्याय स्पष्टपणे दिल्याशिवाय ते पलीकडे जात नाहीत. लाइव्ह पेनड्राइव्हवरून काम करताना मालकांची नावे न पाहता त्यांचे वापरकर्ता-क्रमांक जसेच्या तसे राखण्यास सांगावे लागते, कारण तेथील वापरकर्त्यांची यादी वेगळी असते.

नक्कल पडताळल्यावर जुनी डिरेक्टरी नाव बदलून बाजूला ठेवतात, त्याच नावाची रिकामी डिरेक्टरी करतात आणि माउंट करायच्या डिस्कांची यादी असलेल्या एफएसटॅब या फाइलीत नव्या पार्टिशनचा यूयूआयडी हा ओळख-क्रमांक नोंदवतात. जुना मजकूर न हलवता त्यावरच नवी डिस्क माउंट केली, तर तो झाकला जातो, पण जागा अडवून राहतो. डिस्कवरील शिल्लक जागा सांगणारी ‘डीएफ’ ही आज्ञा डिस्क भरलेली दाखवते आणि फाइलींचा आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ला तेवढ्या फाइली सापडत नाहीत, या नेहमीच्या कोड्याचे हे एक कारण आहे; पुसलेली पण एखाद्या प्रोग्रॅमने उघडीच ठेवलेली फाइल हे दुसरे.

माउंट की लिंक : युनिक्सच्या १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीपासून सांकेतिक लिंकची, म्हणजे दुसऱ्या पथाकडे बोट दाखवणाऱ्या फाइलीची, सोय झाली, आणि डिरेक्टरी कोठेही नेऊन मूळ जागी लिंक ठेवण्याचा सोपा मार्ग पुष्कळांनी पत्करला. तो चालतो, परंतु ॲपआर्मरसारखी सुरक्षा यंत्रणा लिंकमागील खरा पथ पाहते आणि नियमांत तो नसल्यास डेटाबेसला अडवते. लिनक्स २.४ (२००१) पासून उपलब्ध झालेल्या, एक डिरेक्टरी दुसऱ्या पथावरही जोडणाऱ्या बाइंड माउंटमध्ये हा प्रश्न येत नाही आणि एकाच मोठ्या डिस्कवरून व्हार व होम या दोन्ही जागा भागवता येतात. लिंकपेक्षा हाच मार्ग निर्धोक समजावा.

सीमाभागातील संदर्भ : बेळगाव येथे मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या (स्थापना १९९८) २०१० च्या अभ्यासक्रमात युनिक्स सिस्टिम प्रोग्रॅमिंग हा विषय होता. हार्ड लिंक एका फाइल प्रणालीची हद्द ओलांडू शकत नाही, हा १९७४ च्या निबंधातला नियम येथील विद्यार्थी अशा विषयातच प्रथम वाचतो. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. तेथे अर्ध्यावर तुटलेली नक्कल पुन्हा चालवल्यास पोहोचलेल्या फाइली वगळणारी आरसिंक साध्या सीपी या नकलेच्या आज्ञेपेक्षा सोयीची ठरते.

मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत फाइलींना नावे देणाऱ्या कार्यालयांत आणखी एक अडचण येते. यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनामध्ये या लिप्यांचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट घेते : ‘बेळगाव’ला १८, तर ‘विश्वेश्वरय्या’ला ४२. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल प्रणालीमध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे ८५ चिन्हे आहे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मात्र ती २५५ चिन्हांपर्यंत जाते. त्यामुळे निपाणीतील एखाद्या छापखान्याने विंडोजवरील जुना साठा लिनक्स सर्व्हरच्या होममध्ये आणताना लग्नपत्रिकेतील वधू-वरांची नावे, गाव आणि तारीख एकत्र गुंफलेली फाइल मागे राहू शकते. ईक्रिप्टएफएसने कूटबद्ध केलेल्या होममध्ये तर मर्यादा १४३ बाइटवर, म्हणजे ४७ चिन्हांवर येते. अशी नावे नकलेपूर्वीच शोधून आखूड करणे इष्ट, कारण नंतर ती त्रुटींच्या लांबलचक यादीतून हुडकावी लागतात.